समुद्राकाठची टपली

आमच्या घरातून एक दिवस भांडणाचा आवाज आला नाही, की शेजारच्या वहिनी दारात येऊन विचारायच्या, "साहेब गावाला गेलेत का हो?" एवढं आमचं नाव झालेलं. मी गुलमंडीच्या बाजारपेठेतली. वडलांच्या कापडदुकानात गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकत वाढलेली, तोंडाला तोंड द्यायला कधी मागं हटले नाही. हे बिडकीनजवळच्या खेड्यातले, वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मशीनच्या वर आवाज चढवायची सवय, ती घरीही सुटली नाही. बजाजनगरला संसार मांडला तेव्हापासून आम्ही भांडतोय. खिडकी उघडी ठेवायची की बंद, खिचडी तुरीची की मुगाची, पाहुण्याला सोडायला फाटकापर्यंत जायचं की पार रिक्षात बसवून यायचं. आणि खरं सांगते, मला ते भांडण आवडायचं. माणूस आपलं ऐकतो म्हणून तर उलटून बोलतो.

दोन वर्षांखाली ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखाना झाला, मालिश झाली, व्यायाम झाले. पाय बराचसा वळणावर आला, बोलणं सुधारलं, हात मात्र थरथरतच राहिला. पण हाताचं काय घेऊन बसलात, हात मी सांभाळला असता. ह्यांचं भांडणच गेलं. काहीही विचारा, उत्तर एकच: "बरं." जेवता का? बरं. खिडकी लावू? बरं. उघडू? बरं. एकदा मी मुद्दाम कारल्याची भाजी केली, गूळ-बिळ काही न घालता, कडूजहर. हा माणूस कारल्याचं नाव काढलं तरी ताटावरून उठायचा. ती खाल्ली त्यांनी, सगळी खाल्ली, आणि वर म्हणाले, "बरं झालंय." मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं सुंभ शाबूत होता, पीळच गेला होता. मला तो पीळ परत पाहिजे होता, बाकी काही नको होतं.

आता गोल्फचं सांगते. गोल्फ म्हणलं की लोक आमच्याकडं असं बघतात, की हे कुठलं श्रीमंतीचं सोंग! तसं काही नाही. कारखान्यात परदेशी पाहुणे यायचे, सुट्टीच्या दिवशी त्यांना खेळायचं असायचं, सोबतीला कुणीतरी पाहिजे म्हणून मोठ्या साहेबांनी ह्यांना धाडलं. विटीदांडूत हात बसलेला माणूस. पहिल्याच दिवशी पाहुण्यांच्या पुढं बॉल घातला आणि कायमचे त्या नादाला लागले. दर रविवारी हा माणूस तोंड धुवायच्या आधी जातो कुठं, ते बघायला एकदा मी गेले. बघता बघता काठी हातात घेतली, आणि मग माझंही तेच झालं.

आमचं मैदान म्हणजे गावाबाहेरचा माळ. गवत पावसाळ्यापुरतं, पुढं सगळा मुरूम. मोठ्या मैदानांवर शेवटच्या टप्प्याला मऊ हिरवळ असते, आमच्याकडं त्या जागी तेल पाजलेली वाळू. तिच्यावर पावलं उमटतात, म्हणून मारायच्या आधी दोरी बांधलेलं गोणपाट ओढायचं आणि बॉलची वाट सारखी करून घ्यायची. ज्या खळग्यात बॉल घालायचा त्याला आम्ही गोट्यांच्या भाषेत गल म्हणतो, आणि पहिल्या फटक्यापासून गलीपर्यंतच्या एका डावाला होल. आणि गलीजवळ येऊन थांबलेल्या बॉलला शेवटी हळूच मारायचं, ती टपली. टपली अगदीच जवळची असली, तर समोरचा मोठ्या मनानं म्हणतो, "दिली!" म्हणजे मारायची गरज नाही, गेली असं धरलं, उचला बॉल. खेळातली ती रीतच आहे. फक्त आम्हा नवरा-बायकोत ती कधी चालली नाही. वीतभर अंतर राहिलं तरी मारून दाखवा, असा आमचा हिशोब.

आजारपणानंतर हे पहिल्यांदा मैदानावर गेले तेव्हा त्यांच्या मित्रांना कोण आनंद! सगळी रिटायर माणसं, मनानं चांगली. ह्यांनी बॉल मारला, तो गलीपासून चांगला चारपाच हात लांब थांबला, आणि सगळे एका सुरात ओरडले, "दिली, दिली! उचला साहेब!" पुढच्या होललाही दिली. त्याच्या पुढं तर बॉल वाळूवर यायच्या आधीच दिली. हे "बरं" म्हणायचे आणि वाकून बॉल उचलायचे. असे काही रविवार गेले. मग एका रविवारी उठलेच नाहीत. मी विचारलं, तर भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "तिथं मी खेळत नाय आता. मला वाढतात."

वाढतात! दारात आलेल्याला वाढतात तसं. त्या चांगल्या माणसांना काय बोलणार? आणि घरात मीही तेच करत होते की. खिडकीचं त्यांच्या मनासारखं, खिचडी त्यांच्या आवडीची, काही बोलायला जागाच ठेवली नव्हती.

आमची लेक जावयाबरोबर स्कॉटलंडला असते. तिथं समुद्राकाठी एक लई नामांकित मैदान आहे, जगभरातून माणसं देवदर्शनाला यावं तशी येतात. हे कैक वर्षांपासून टीव्हीवर ते बघायचे, तोंडाचा आ करून. लेकीनं खटपट करून तिथली वेळ मिळवली, डॉक्टरांचं पत्र दाखवून ह्यांच्यासाठी बॅटरीच्या गाडीची परवानगी काढली आणि फोनवर सांगितलं, "पप्पा, तुम्ही आणि आई दोघांनी खेळायचं." मी ह्यांच्या तोंडाकडं बघत बसले. आयुष्यभराचं स्वप्न, आता तरी उडी मारतील. म्हणाले, "बरं."

तर आम्ही तिथं उभे. एका अंगाला समुद्र, राखाडी, फुसफुसणारा. झाड म्हणाल तर औषधाला नाही, सगळीकडं लाटांसारखी उंचसखल जमीन आणि पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. आणि वारं! आपल्याकडं वैशाखात वावटळ येते आणि जाते, हे वारं मुक्कामाला आलेलं. मी सलवार-कमीज, वर स्वेटर, ओढणी गळ्याभोवती, डोक्याला लेकीची टोपी. काठ्यांची पिशवी घ्यायला तिथली एक बाई होती, माझ्याच वयाची, हसरी, गालावर उन्हावाऱ्याचा लाल रंग. तिचं इंग्रजी मला कळेना, माझं तिला कळेना, पण मान हलवून आमचं दोघींचं बरं जमलं.

पहिल्याच होलला मी दिवे लावले. माझा बॉल हिरवळीवर आला, मी खुशीत पुढं झाले आणि हाताला लागलेल्या सवयीनं इकडंतिकडं बघत लेकीला विचारलं, "गोणपाट कुठंय गं?" गोणपाट दिसेना, तर म्हणलं पायानं तरी वाट सारखी करावी. बुटाचा तळवा टेकवून मी बॉलपासून गलीपर्यंत घासत घासत निघाले, आपण अंगणात शेणाचं पोतेरं फिरवतो तशी. ती बाई हात वर करून "नो नो नो" करत धावत आली. शेकडो वर्षं जपलेली हिरवळ आणि ही कोण बया तिच्यावर पाय घासते! लेक लाजेनं लाल. मी जीभ चावली, माफी मागितली, आणि आपल्या वाळूवर मारते तशी दणकून टपली मारली. ते गवत काचेसारखं. बॉल गलीवरून सुसाट गेला तो पलीकडच्या खड्ड्यात. मागं वळून बघते तर ह्यांच्या ओठाचा कोपरा हललेला. हसले नाहीत, पण हललेला होता.

त्यानंतर एक गंमत झाली. मी मारलेला बॉल उंच जायचा आणि वारं त्याला उचलून काट्यात नेऊन टाकायचं. ह्यांच्या हातात आता जोर नाही, त्यांचा बॉल वर चढतच नाही. मारला की जमिनीलगत सरपटत निघायचा, विटीसारखा, आणि वाऱ्याला त्याचा पत्ताच लागायचा नाही. कडक जमिनीवरून घरंगळत घरंगळत बरोब्बर जागेवर. ज्यानं कमी फटक्यांत बॉल गलीत घातला त्याचा होल. असे तीन होल मी लागोपाठ हरले. खोटं कशाला बोलू, मला राग यायला लागला. आजारी माणसाबरोबर खेळतेय हे विसरलेच मी. ओढणी घट्ट आवळली, मनगट ढिलं केलं आणि मीही बॉल खाली ठेवायला लागले. एक होल त्यांचा, तर पुढचे दोन माझे. हे मात्र काही बोलत नव्हते. जिंकले तरी गप्प, हरले तरी गप्प. गाडीत बसायचे, लेक गाडी चालवायची, मी आणि ती बाई मागून चालत.

शेवटच्या होलला आलो तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. माझा बॉल गलीत पडला. ह्यांचा गलीपासून हातभर लांब थांबलेला. ही टपली गेली तर बरोबरी, चुकली तर मी जिंकले. ह्यांचा उजवा हात दमून आता चांगलाच थरथरत होता, लांबूनही दिसत होता. त्या भल्या बाईनं ते बघितलं आणि माझ्याकडं बघून हात झटकला, म्हणजे असू द्या, धरा गेली. लेक माझ्या कानाशी आली. "आई, दे ना. पप्पा दमलेत. दे."

हे वाकलेच होते बॉल उचलायला. न विचारता. वाढलेलं घ्यायची सवयच झाली होती. माझ्या तोंडाशी तो शब्द आला होता, देवाशपथ आला होता. पण त्यांची ती वाकलेली पाठ बघितली आणि माझं डोकं फिरलं.

"थांबा," मी म्हणाले. "नाय दिली."

लेकीनं माझा दंड धरला. "आई, काय चाललंय तुझं?"

"तू मधी पडू नको. नाय दिली म्हणलं ना. मारा."

हे तसेच वाकलेले राहिले. मग हळूहळू सरळ झाले. माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांत कुणी त्यांना नाही म्हणलं नव्हतं. त्यांनी पाय सरकवले, काठी डाव्या हातात धरली, उजवा हात तिच्यावर ठेवला. काठी हलत होती. जावो रे बाबा, जावो. मारली. बॉल गलीच्या काठाला लागला, काठावरून अर्धा फिरला आणि बाहेर येऊन थांबला.

ती बाई समुद्राकडं बघायला लागली. लेकीच्या डोळ्यात पाणी. हे आमच्याकडं पाठ करून उभे, खांदे पडलेले, आणि मला वाटलं, बाई, हे काय करून बसलीस तू? जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर आणून माणसाला हरवलंस. आता हा माणूस कायमचा गेला.

मग ते वळले. तोंड लालभडक.

"ओढणी!" ह्यांचा आवाज त्या वाऱ्याच्या वर गेला. "तुझी ती ओढणी फडफडत होती माझ्या डोळ्यापुढं! मी मारतोय आणि तू तिथं झेंडा लावून उभी! ह्याला काय खेळणं म्हणतात का?"

लेक दचकली. ती बाई तर दोन पावलं मागं सरली. मला आधी कळेचना की हा आवाज कुणाचा.

"ओढणीला काय बोलता?" माझ्याही तोंडून निघालं. "सकाळपासून हीच ओढणी होती. जिंकत होता तेव्हा नाय दिसली ती!"

"तेव्हा तू मागं होतीस! नियम काय सांगतो? मारणाऱ्याच्या नजरेत उभं राहायचं नाय! चाळीस वर्षं सांगतोय ह्या बाईला, एक गोष्ट ऐकंल तर शपथ! मी परत मारणार."

"अजिबात नाय. हरलात ते हरलात."

"हरलो नाय! ओढणीनं घात केला!"

मागचे खेळाडू येऊन खोळंबले होते, काठ्या टेकून आमच्याकडं बघत होते. लेक हात जोडून एकदा ह्यांना, एकदा मला गप्प करत होती. ह्यांनी गाडीत बसायलाही नकार दिला, पाय ओढत चालत निघाले, आणि वाटेत सगळे होल परत काढले. तिसऱ्या होलला मी पिशवी कुठं ठेवली होती, सातव्याला मधेच खोकले कशी. सगळं लक्षात ठेवलेलं. दिवसभर गप्प राहून हा माणूस नुसता साठवत होता!

लेकीच्या मोटारीत मी मागं बसले आणि खिडकीकडं तोंड करून रडले. आरशात लेकीनं बघितलं. "पप्पा, बस करा आता. आई रडतेय."

"रडू दे," हे पुढच्या सीटवरून म्हणाले. "खोटं जिंकल्यावर रडूच येतं." मग मान वळवून, बोट माझ्यावर रोखून, "उद्या परत खेळायचं. पोरगी कुठंबी बघंल, दुसरं मैदान बघंल, पण उद्याच. आणि ती ओढणी घरी ठेवायची. कळलं का?"

दोन वर्षांत त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट. मी ओढणीनंच डोळे पुसले.

"ओढणी घालूनच येणार," मी म्हणाले. "काय करायचं ते करा."