शालूच्या आईची शिलाई मशीन

२०१४ साल. मी सहासष्ट वर्षांचा होतो. त्या वर्षी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही — पाळकसाहेबांना नाही, पोराला नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. आणि आता दमलोय. लपवून ठेवायलाही अंगात जोर लागतो, तो राहिला नाही.

आधी सोपं ते सांगतो. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. दुसरीतनं शाळा सुटली. एसटीची पाटी, दुकानाचं नाव, स्वतःची सही — एवढं जमायचं. पण पुस्तकाची ओळ म्हटली की एकेक अक्षर जुळवत जायचं, आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. सगळा जन्म फौंड्रीत गेला. तिथं कोण वाचायला सांगतंय?

आणि आमच्या चर्चचा पुस्तकांचा स्टॉल बघत होतो मीच! हसू नका. रविवारी उपासना सुटली की आवारात टेबल लावायचं. एका बाजूला मननाची पुस्तकं — दर दिवसाला एक पान असतं ती —, प्रार्थनेची पुस्तकं, ख्रिस्ती माणसानं घरचा पैसा कसा सांभाळावा असली पुस्तकं. दुसऱ्या बाजूला महिला मंडळानं आणलेल्या घरात लागणाऱ्या वस्तू — चाळण्या, किसण्या, गरम भांडी उतरवायची शिवलेली फडकी. पुस्तकं मी कव्हरावरनं ओळखायचो. हे कबुतराचं, हे दिव्याचं, हे पैशाच्या झाडाचं. कुणी हातात घेतलं की ठोकून द्यायचो, "न्या की ताई, मी दोनदा वाचलंय."

एकदा एक तरणा मास्तर म्हणाला, "काका, पैशाचं पुस्तक दोनदा वाचलंय आणि सायकल अजून तीच व्हय?"

"मास्तर," म्हटलं, "शेजारी चाळण बी हाय. दोन्ही न्या, तुमच्या डोस्क्यात काय ऱ्हातंय बघू."

सगळे हसले. असा मी. तोंडानं कधी हार गेलो नाही.

घरात वाचायची ती माझी बायको — शालूची आई. मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेली. लग्न झाल्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी त्या दिवसाचं मनन मोठ्यानं वाचायची, मी ऐकायचो. तूच वाच, तुझा आवाज गोड, असं म्हणत मी निभावून नेलं. मग तिला काचबिंदू झाला. नळीतनं बघावं तेवढंच दिसायला लागलं, आणि पुढं तेही अंधूक. एका सकाळी तिनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "आता तुम्ही वाचा."

तेव्हाच सांगायचं होतं — मला येत नाही गं. बायकोला एवढं सांगायला काय जातंय? माझं गेलं असतं. मी चष्मा लावला, पान उघडलं आणि बोलत सुटलो. इतकी वर्षं ऐकून चाल पाठ होती. आधी वचन, मग त्याचा अर्थ, मग छोटीशी प्रार्थना. ती डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी आमेन म्हणायची. मला लाज वाटायची म्हणता? नाही हो. ऐट वाटायची. मनातल्या मनात म्हणायचो, पाळकसाहेबांपेक्षा बरं जमतंय की.

आता मूळ गोष्ट. येतोय तिच्याकडं, पाय ओढत येतोय.

शालू आमची धाकटी. तिनं कळंब्याच्या एका हिंदू पोराशी रजिस्टर लग्न केलं. पोरगा वाईट नव्हता. पण मला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. ती यायचीच, मी घरी नसताना. मोरीत दोन कप पडलेले असायचे. मी बघायचो आणि बोलायचो नाही. बोललो असतो तर दार उघडावं लागलं असतं.

पुढं तिच्या नवऱ्याचं काम सुटलं. पोरगी लोकांची ब्लाउजं शिवायला लागली, तेही शेजारणीच्या मशीनवर, शेजारणीची दुपारची झोप होईपर्यंत. आणि आमच्या घरात तिच्या आईची पायमशीन कापड घालून उभी. ती मशीन आईनं स्वतःच्या शिवणकामातनं घेतलेली. माझा छदाम त्यात नव्हता. आता डोळे गेले, सुई ओवता येईना. एका संध्याकाळी ती म्हणाली, "मशीन शालूला द्यावी म्हणते."

नको म्हणायचा मला हक्क नव्हता, एवढं मलाही कळत होतं.

"मी प्रार्थनेत ठेवलंय," ती म्हणाली. "उद्याच्या मननात काय येतंय बघू." तिची ही रीतच होती. काही अडलं की दुसऱ्या दिवसाच्या पानावर सोडायचं, आणि पान सांगेल तसं वागायचं.

उद्याचं पान कोण वाचणार होतं?

सकाळी मी पुस्तक उघडलं. अक्षरांकडं बघितलंही नाही. आवाज बारीक केला आणि म्हणालो, ‘जे तुझ्या हाताला प्रिय आहे ते लेकरासाठी मागे ठेवू नको; ते माझ्या घरी आण.’ देवाच्या तोंडी मी माझा राग घातला. तिनं आमेन म्हटलं नाही. तिला पटलं नसावं असं वाटून मी फळीवरचं पैशाच्या झाडाचं पुस्तकही काढलं. म्हटलं, "यात बी तेच हाय बघ. घरात पडून असलेली वस्तू आधी देवाच्या कामाला लावावी." — एका खोट्यावर भागलं नाही बघा.

तिनं उठून चाचपडत मशीनवरचं कापड नीट केलं. म्हणाली, "बरं. सणाला देऊ."

आमच्यात उपकारस्तुतीचा सण असतो. लोक शेतातलं पहिलं पीक आणतात, अंडी, कोंबड्या, भोपळे आणतात. शहरातले घरातली एखादी चांगली वस्तू आणतात. उपासना झाली की आवारात सगळ्याचा लिलाव होतो आणि ते देवाचं. बोली पुकारायला दरसाल मीच. आवाज मोठा म्हणून.

मशीन टेबलाशेजारी आणून ठेवली. शालूची आई पुढच्या खुर्चीत, पदर डोक्यावर घेऊन. मी पुकारायला लागलो. कुणीतरी ओरडलं, "काका, बिघडलेली न्हाय न्हवं?" मी म्हटलं, "तुमच्या बायकोपेक्षा गप चालतीया, पावणं!" हशा झाला. बोली चढली. आणि मला फाटकापाशी शालू दिसली.

कुणाकडनं तरी कळलं असणार तिला. हात वर केलेला. तोंडानं बोलली नाही — माझ्यापुढं बोलणं तिनं केव्हाच सोडलं होतं. नुसता हात. तिच्याकडं बोलीएवढं काय असणार होतं? पण आमच्यात लेकीचा हात दिसला की बाकीचे थांबतात, आईची वस्तू लेकीला जाऊ देतात. मी नुसतं म्हणायचं होतं, ‘शालूची बोली.’ सगळं आवार थांबलं असतं.

तिची-माझी नजर भिडली. मी तोंड दुसरीकडं फिरवलं. "एकवार," म्हटलं. "दोनवार." इतक्या घाईनं मी कधी पुकारलं नव्हतं. "तीनवार!" मशीन शाहूपुरीतल्या एका दुकानदाराला गेली. परत बघितलं तर फाटकापाशी कुणी नव्हतं.

शालूच्या आईनं विचारलं, "कुणाला गेली हो?"

"एका गरजूला," मी म्हणालो.

शालूनं तिला पुढं सांगितलं का? माहीत नाही. मोरीत दोन कप पडत राहिले, दोघींनी मला कधी काही विचारलं नाही. शालूची आई वारली त्याला आता पाच वर्षं झाली. ती गेल्यावर मी अक्षर अक्षर लावून वाचायला शिकलो, लिहायलाही. हे लिहितोय ते त्याच जोरावर. ते मननाचं पुस्तक फळीवर आहे. त्या दिवसाचं पान तेवढं अजून वाचलेलं नाही. शालू कळंब्यातच राहते. मी तिकडं गेलेलो नाही.

लिलावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. कोपरा मोकळा होता, फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग होते. शालूची आई नेहमीच्या जागी बसली. पदर डोक्यावरनं घेतला, पुस्तक चाचपून माझ्या मांडीवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचलं.