आईच्या अंगणाला केवढं मशीन लागतं

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात टेप म्हणतो, कारण पाच मीटरची टेप कमरेला लावल्याशिवाय तो दाढी करायलासुद्धा उभा राहत नाही. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या आहे, दोन मुलींचा बाप आहे, पण फ्रिज घ्यायचा म्हटलं की आधी जिना मोजणार. सोफा घ्यायचा ठरला तेव्हा त्यानं माझ्या नवऱ्याला भिंतीला टेकून उभं केलं आणि खांदे मोजले. म्हणाला, "भावोजी, राग मानू नका, तिघं मावतील का बघतोय." आमच्या ह्यांनी राग मानला. ते आजतागायत त्या सोफ्यावर बसलेले नाहीत, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून घेतात.

बावीस वर्षं तो एकाच ठिकाणी नोकरीला आहे, खोदाईची मशीनं भाड्यानं देणाऱ्या यार्डात, काउंटरवर. पत्र्याची शेड, एक टेबल, एक पंखा, आणि मागं लहानमोठी पिवळी मशीनं माना खाली घालून उभी. लोक येतात आणि म्हणतात, "घराच्या मागं थोडं खणायचंय, मिनी एक्स्कॅव्हेटर द्या. जरा दणदणीत द्या हं." टेप विचारतो, "फाटक केवढं आहे?" गिऱ्हाईक म्हणतं, "मोठं आहे हो चांगलं." "मोठं म्हणजे किती?" मग ते बिचारं दोन्ही हात पसरून दाखवतं, आणि हा काउंटरवरून वाकून ते पसरलेले हात मोजतो.

एवढ्यावर थांबेल तर शपथ. किती खोल खणायचंय, खाली पाण्याचा पाइप कुठून गेलाय, वर तारा आहेत का, निघालेली माती टाकणार कुठे, जमीन भुसभुशीत आहे की मुरमाड. आणि सगळ्यात शेवटी, गिऱ्हाईक पेन उघडून सही करायला वाकलं की विचारणार, "मशीन आत गेलं, कबूल. बाहेर कसं येणार?" निम्मे लोक तिथंच चिडतात. एका दातांच्या डॉक्टरांना असाच राग आला आणि त्यांनी दुसरीकडून पाच टनी मशीन नेलं, पोहायचा तलाव खणायला. मशीन खणत खणत खाली गेलं, संध्याकाळपर्यंत सुरेख चौकोनी खड्डा झाला, आणि मशीन त्याच्या तळाशी. वर यायला वाट ठेवायची असते हे कुणाच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मान खाली घालून टेपकडे आले, क्रेन कुठं मिळेल विचारायला. हा हसला नाही हो. त्यानं फक्त विचारलं, "क्रेनसाठी फाटक मोजलंत का?"

यार्डाचा मालक त्याला दर वर्षी काढून टाकणार असतो आणि दर वर्षी ठेवून घेतो, कारण टेपनं निवडून दिलेलं मशीन कधी कुठे अडकत नाही.

त्याच्या बरोब्बर उलटा आमचा मधला. मी थोरली, तो माझ्या पाठचा, आणि टेप शेंडेफळ. मधल्याला सगळे जंबो म्हणतात. बांधकामाची कंत्राटं घेतो. गाडी मोठी, आवाज मोठा, बाता तर विचारूच नका. त्याच्या हिशेबी लहान वस्तू घेणं म्हणजे नाक कापून घेणं. या दोघांच्या मध्ये मी पंचेचाळीस वर्षं काढली आहेत, तेव्हा माझ्या बोलण्यात थोडं तिखट असेल तर चालवून घ्या.

आता मुद्द्याचं सांगते. चार महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पहिल्यासारखा धरेना. चाकांची खुर्ची आली. पुढच्या दारानं दवाखान्यात जाता येत होतं, पण मागचं अंगण बंद झालं. मागच्या दाराशी तीन पायऱ्या, त्यापुढे सगळा खाचखळग्यांचा चिखल, आणि शेवटी विटांची भिंत. त्या भिंतीपलीकडे मावशी राहतात.

या मावशी आमच्या नात्यातल्या नव्हेत. मागच्या घरातल्या शेजारीण. एकतीस वर्षं रोज दुपारी चार वाजता आई भिंतीच्या या बाजूला आणि मावशी त्या बाजूला उभ्या राहत, आणि भांडत. कुणाची सून जास्त आळशी, कुणाचा मुलगा जास्त बावळट, तुझं लोणचं खारट की माझं. तासभर कडाकडा भांडायच्या आणि मग ताज्यातवान्या होऊन चहाला घरात यायच्या. आता मावशींचेही गुडघे गेलेले. पूर्ण गल्लीला वळसा घालून पुढच्या दारानं येणं त्यांच्या आवाक्याबाहेर. आईनं तिकडे जावं, तर त्यांच्या पुढच्या दाराला उंच जिना, तिथं खुर्ची चढायची नाही. फोन करून पाहिला. दोघींनाही कमी ऐकू येतं. एक ओरडायची "काय?", दुसरी ओरडायची "काय?", आणि अर्ध्या तासानं दोघी फोन आपटायच्या.

"समोर तोंड दिसल्याशिवाय भांडण्यात राम नाही," आई म्हणायची. "मला मागं न्या." रोज एकदा तरी म्हणायची, आणि आम्ही "हो आई, करू" म्हणायचो.

मग कळलं की मावशींचा मुलगा त्यांना आपल्या गावी घेऊन चाललाय. कायमचं. रविवारी सकाळी सातला निघायचं. त्याचं गाव दिवसभराच्या वाटेवर, आणि पुन्हा भेटू म्हणावं असं दोघींचंही वय राहिलं नव्हतं. हातात सहा दिवस होते. आई त्या दिवशी जेवली नाही.

मी दोघा भावांना बोलावून घेतलं. जंबो म्हणाला, "एवढंच ना? तीन टनी मशीन आणतो, एका दिवसात अंगण सपाट करून उतार काढून देतो." टेप तोवर घराच्या कडेचा बोळ मोजून आला होता. मागं जायला तेवढा एकच बोळ.

"दादा, बोळ ब्याण्णव सेंटिमीटर आहे. पाण्याच्या पाइपापाशी एक्क्याऐंशी. तीन टनी मशीन दीड मीटर रुंद असतं. आपल्याला एक टनी लागेल. त्याचे चाकांच्या जागचे पट्टे आत ओढले की ते बहात्तरमध्ये बसतं."

"ते खेळणं?" जंबो ओरडला. "कंत्राटदाराच्या आईचं अंगण खेळण्यानं खणायचं? लोक तोंडात शेण घालतील!"

"दादा, एक्क्याऐंशीतून दीड मीटर कसं जाईल?"

"जातं रे! चालवणारा पाहिजे!"

मी म्हटलं, टेपचं ऐका. पण घरात माझं कोण ऐकतं?

मंगळवारी टेप कामावर गेलेला बघून जंबोनं तीन टनी मशीन आणलंच. ट्रकवरून उतरताना मशीननं फाटकाचा खांब पाडला, पत्रपेटी पाडली, आणि बोळाच्या तोंडाशी येऊन तिरकं अडकलं. ना पुढे, ना मागे. निम्मं रस्त्यावर, निम्मं आमच्याकडे. मागं गाड्यांची रांग, भोंग्यांचा कलकलाट, आणि जंबो मध्ये उभा राहून हातवारे करतोय, "डावीकडे घे! अरे तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!" आई खिडकीतून विचारत होती, "आलं का गं मशीन?"

"आलं, आई," मी म्हटलं. "निम्मं."

टेप आला. मला वाटलं आता तरी हा चार शब्द सुनावेल. त्यानं टेप काढली, मशीन मोजलं, बोळ मोजला आणि म्हणाला, "दादा, एकोणसत्तर सेंटिमीटरनं हुकलं." जंबोचा चेहरा असा झाला की मला त्याची दयाच आली, पण मी ती दाखवली नाही. मशीन सोडवून खांबाचा राडा उपसण्यात बुधवार गेला. गुरुवारी यार्डातलं एक टनी मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे होतं. शुक्रवारी ते आलं.

काय सांगू तुम्हाला, ते छोटंसं मशीन पट्टे आत घेऊन त्या बोळातून असं गेलं की भिंतीचा पोपडासुद्धा पडला नाही. टेपनं रजा टाकली होती, स्वतः चालवायला बसला. तीन पायऱ्यांचे पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणून उतार त्याच्या बारापट, पाच मीटर चाळीस लांब. खुर्चीची रुंदी मोजली, दाराची मोजली, वळायला जागा किती लागेल ती मोजली. शुक्रवार गेला, शनिवारची दुपार झाली. काँक्रीट सुकायला वेळ नव्हता, म्हणून खडी दाबून वर प्लायवूडच्या फळ्या टाकल्या. फळ्या जंबोनं आणल्या, मुकाट्यानं, आणि एकेक स्वतः बसवली.

चार वाजता आईला नवी साडी नेसवली, केस विंचरले. खुर्ची उतारावरून अलगद खाली गेली, सपाट अंगणातून पुढे गेली आणि भिंतीपाशी थांबली.

आईच्या नाकासमोर विटा.

"आलीस का गं?" पलीकडून मावशींचा आवाज.

"आले! तू कुठं आहेस?"

"ही काय इथंच! तू कुठं आहेस?"

"अगं मी भिंतीपाशीच आहे!"

"मग मी काय बाजारात आहे?"

दोघी बसलेल्या. आई खुर्चीत, मावशी प्लास्टिकच्या खुर्चीवर, कारण गुडघ्यांवर उभं राहवत नाही. एकतीस वर्षं उभं राहून भांडल्या, त्यामुळे बसल्यावर काय होईल हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. टेपनं भिंत मोजली, एकशे तीस. आईचे डोळे जमिनीपासून एकशे आठ. तो पांढराफटक पडला. "ताई," मला म्हणाला, "सगळं मोजलं गं. हे राहिलं."

जंबोनं खुर्चीखाली फळ्या घालून पाहिल्या. खुर्ची डगडगायला लागली तशी आई किंचाळली. पलीकडे मावशी ओरडल्या, "काय चाललंय तिकडे? मेलात का सगळे?"

"भिंत आडवी येतेय!" आई ओरडली.

"मग पाडा की मेल्यांनो!"

"आई, असं कसं? भिंत आपली पण आहे ना," मावशींच्या मुलाचा आवाज आला.

"तू गप्प बस!" मावशी त्याला म्हणाल्या.

टेप मशीनवर चढला. जंबो भिंतीपाशी धावला, विटांवर हात फिरवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "एकपदरी आहे. ढकलू नकोस, विटा मावशींच्या अंगावर जातील. बकेट वरून टाक आणि आपल्याकडे ओढ." आम्ही आईला मागं घेतलं, पलीकडे मुलानं मावशींना मागं घेतलं. टेपनं बकेट भिंतीवरून पलीकडे टाकली आणि ओढली. जुना चुना होता, भिंत धडाधड खाली आली. धुरळाच धुरळा. जंबोनं हातानं विटा बाजूला सारल्या आणि दोन्ही खुर्च्या पुढे आणल्या.

धूळ खाली बसली, तेव्हा दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या.

"किती वाळलीस गं," मावशी म्हणाल्या.

"आणि तू किती फुगलीस."

एवढंच. चार महिने आईनं साठवलेली भांडणं, मला वाटलं होतं रात्रीपर्यंत पुरतील. पण दोघी नुसत्या हातात हात घेऊन बसल्या. मी रडले, सरळ सांगते. जंबो तर लहान पोरासारखा रडला, त्याचं तेही मोठंच. टेप मशीनवरून उतरलाच नाही, तिथंच बसून राहिला.

"उद्या किती वाजता निघणार?" आईनं विचारलं.

"सात."

"मग मी सहाला येते."

दुसऱ्या दिवशी ती साडेपाचलाच तयार होती. त्या तासाभरात दोघींनी लोणच्याचा विषय काढला, सुनांचा काढला, आणि जुन्या दिवसांसारखं कडाडून भांडून घेतलं. पुढून गाडीचा भोंगा वाजला. मावशी मुलाच्या आधारानं उठल्या, आपल्या घराच्या मागच्या दाराशी जाऊन तीनदा मागं वळल्या. "जा आता," आई म्हणाली, "गाडी खोळंबली असेल." दार लागलं. गाडीचा आवाज गेला.

आई त्या बंद दाराकडे बघत होती. मग तिनं माझ्या दोन्ही भावांकडे पाहिलं.

"भिंत पाडलीत, चांगलं केलंत रे," ती म्हणाली. "पण चार महिने मी म्हणत होते, मला मागं न्या. तुम्ही आधी 'करू' म्हणत बसलात, मग मशीनं शोधत बसलात. दोन धडधाकट मुलगे, आणि माझं वजन त्रेचाळीस किलो. कुणी उचलून का नाही नेलंत? उभं धरलं असतंत, तर भिंतीवरून दिसलीच असती ती."

टेप म्हणाला, "सुचलं नाही, आई." खरं तेच बोलला.

आईनं मग माझ्याकडे पाहिलं. या दोघांना नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण मलाही सुचलं नव्हतं. मी खुर्ची वळवून तिला घरात घेऊन आले.