दादाजींचं हस्ताक्षर

कुंकवाची वाटी माझ्या हातात होती. बोट बुडवून झालं होतं. समोर नव्या मशीनवर भरलेला मसाल्याचा पहिला खोका, त्यावर स्वस्तिक काढायचं होतं. सकाळीच छोटे सेठ सगळ्यांसमोर म्हणाले होते, "स्वस्तिक आप बनाओ. आपका हाथ सबसे अच्छा है." मी कंपनीची क्रिएटिव्ह हेड. खोका माझ्या डिझाइनचा, त्यावरचा लोगो माझा. हौसेने नवी साडी नेसून आले होते.

तेवढ्यात आमचे जनरल मॅनेजर, इंदूरच्या राजेंद्र नगरातले मराठी गृहस्थ, सेठांच्या आईच्या कानाशी वाकले. दोन शब्द बोलले असतील. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. पायापासून वर.

"बिटिया, तुम रहने दो. शगुन का काम है."

मॅनेजर पुढे झाले. "अगं, थोडी बाजूला हो. वाटी ठेव तिथे." हातात घेतली नाही. ठेव म्हणाले. मी ती फरशीवर ठेवली. कुणीतरी आतलं कुंकू टाकून नवं भरलं. मग माझ्याच हाताखालच्या एका डिझायनरला बोलावलं. तिचं आडनाव चालण्यासारखं होतं. तिचं स्वस्तिक वाकडं आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याची चीड मला अजून येते.

त्या खोक्यावर कंपनीच्या संस्थापकांचं, म्हणजे छोट्या सेठांच्या आजोबांचं, नाव वळणदार अक्षरांत छापलं होतं. खाली बारीक ओळ, "दादाजी के अपने हाथ की लिखावट". तो हात माझा होता.

इंदूरच्या मिली एकेक करून बंद पडत होत्या तेव्हाची ही गोष्ट. माझे वडील मिलमध्ये होते. ते तरुणपणी लागले तेव्हा आमच्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. आमची थुंकी कापडाला चालत नव्हती. मग ते जन्मभर कापूस पिंजायच्या खात्यात खोकत राहिले, आणि एक दिवस गेटलाच कुलूप. मी सरकारी कॉलेजात चित्रकला शिकून दुकानांच्या पाट्या रंगवत होते. घर माझ्यावर आलं.

इकडे बाजार खुला झाला. विदेशी कंपन्यांची चकचकीत पाकिटं सियागंजच्या दुकानांत लटकू लागली आणि आमच्या सेठांचे धाबे दणाणले. त्यांनी मला नोकरीवर घेतलं. छोटे सेठ बाहेरून शिकून आलेले. केबिनचं दार उघडं ठेवायचे, मला 'जी' लावायचे, माझ्या टेबलावर बसून पोहे खायचे. हा माणूस वेगळा आहे, असं मी घरी सांगायची. ते म्हणाले, "उनके पास मशीन है, अपने पास दादाजी हैं. दादाजी की हैंडराइटिंग ही अपना ब्रँड है."

अडचण एवढीच, की दादाजींचं वाचता येण्यासारखं हस्ताक्षरच नव्हतं. जुन्या चोपड्यांत व्यापाऱ्यांची जुनी लिपी, ना काना ना मात्रा. छोटे सेठ म्हणाले, "आप लिख दो ना. किसको पता चलेगा?"

मी बोरू तासला. चाळीसेक कागद घालवले. म्हाताऱ्या दुकानदाराचा हात कुठे अडखळेल, 'र'ची शेपटी किती ओढेल, याचा विचार करकरून त्यांच्या नावाची चार अक्षरं काढली. ती पाहून लोकांना आपापले आजोबा आठवायचे. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

पूजेनंतर मॅनेजर मला जिन्यात भेटले. "मनाला लावून घेऊ नको हं. आपण मराठी माणसं, म्हणून सांगतो. पुरानी बाई आहे, मन रखना पडतं. तुझी पोस्ट तर कुणी काढली नाही ना?" मी "हो सर" म्हटलं. प्रसाद माझ्या ओंजळीत वरून टाकला गेला. मी तो खाल्लासुद्धा.

आठवड्याने मीटिंग झाली. छोटे सेठ खुशीत होते, माल उठत होता. "अब हल्दी, धनिया, मिर्ची, सब दादाजी की लिखावट में." चार अक्षरांत हळद लिहिता येत नाही. त्यांना 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं हवी होती. मी लिहायची, ती कंप्युटरवर चढवायची, मग कुणीही बटण दाबून दादाजींच्या हाताने हवं ते लिहावं.

मी म्हटलं, "दादाजी से लिखवा लीजिए."

सगळे हसले. दादाजींना जाऊन वीस वर्षं झाली होती.

"मज़ाक नहीं कर रही. मेरा हाथ शगुन का नहीं है. आपने देखा ना उस दिन."

हसणं थांबलं. मॅनेजर म्हणाले, "अगं, काय बोलतेस! वो बात अलग आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. छोट्या सेठांना म्हटलं, "दादाजी वाली लाइन हटाइए. वहाँ मेरा नाम छापिए, सरनेम के साथ. सारे अक्षर कल दे दूँगी."

ते खुर्चीत मागे टेकले. आवाज चढवला नाही. नवशिक्याला धंदा समजावावा तसे म्हणाले, "देखिए, मैं ये सब नहीं मानता. लेकिन खाने की चीज़ है. आपके सरनेम से मसाला नहीं बिकेगा."

म्हातारीने निदान शगुनाचं नाव घेतलं होतं. याने बाजाराचं घेतलं. वडिलांच्या वेळी थुंकी, माझ्या वेळी आडनाव. माझं शिक्षण, माझी पोस्ट, ते 'जी', ते पोहे, सगळं त्या एका वाक्यात मातीत गेलं. आणि मला एकदम मोकळं वाटलं. आता कुणाची भीड धरायची नव्हती.

"तो अक्षर भी नहीं मिलेंगे," म्हटलं. ड्रॉवरमधले कच्चे कागद पिशवीत भरले आणि बाहेर पडले.

घरी वडील भडकले. "मला मिलने काढलं. तू आपल्या पायाने निघून आलीस! अक्षरं द्यायला काय जात होतं तुझं?" दोन दिवस बोलले नाहीत. मीही समजवायला गेले नाही. त्यांनी जन्मभर जे गिळलं ते मला गिळायचं नव्हतं, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगणं मला जमलं नाही.

कंपनीने त्या डिझायनरकडून बाकीची अक्षरं काढून घ्यायचा खटाटोप केला. जमली नाहीत. हळदीच्या पाकिटावर छापखान्यातली साधी अक्षरं आली. माझी चार मात्र अजून छापली जातात. खजरान्याच्या रस्त्यावर त्यांचं मोठं होर्डिंग आहे. लोक म्हणतात, काय हात होता म्हाताऱ्याचा!

ती चार त्यांनी चोरली असं मी म्हणणार नाही. मीच दिली, मान खाली घालून दिली. उरलेली माझ्याकडे आहेत. मी पुन्हा पाट्या रंगवते. नव्या नव्या कंपन्या येतात, गोड बोलतात, चहा पाजतात. मी आधी माझं आडनाव सांगते, मग नाव. ते आडनाव ज्याला माझ्या अक्षरांखाली छापायला चालत नाही, त्याला माझ्या हातचा साधा काना मिळणार नाही. चूल विझली तरी नाही.