साक्याचे आंबे आणि होणाऱ्या सासूबाई

रत्नागिरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कंट्रोल सिस्टिम शिकवते. त्यातला ऑब्झर्व्हेबिलिटी हा भाग माझा फार लाडका. यंत्राच्या पोटात डोकावता येत नसतं, पण बाहेर येणारे आकडे काही वेळ बघत राहिलं की आत काय चाललंय ते हुडकून काढता येतं. तसं येत असेल तर यंत्रणा ऑब्झर्व्हेबल, नाहीतर बसा डोक्याला हात लावून.

वर्गात मी हे अशा तोऱ्यात सांगायचे, जणू ही विद्या मीच शोधली. मग एका मे महिन्यात हातखंब्याच्या अलीकडे एका बागायतदाराच्या घरी, होणाऱ्या सासूबाईंना भेटायला गेले आणि सगळा तोरा उतरला. त्यांच्या मुलाने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आई हो म्हणाली तरच लग्न." आणि मला तर तो इतका आवडला होता की येताना स्कूटरवर मी वळणावळणाला एकटीच हसत होते.

बाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही म्हणजे काही उमटेना. पाणी दिलं, चेहरा तोच. स्वयंपाक येतो का विचारलं, मी "जेमतेम" म्हटलं, तरी चेहरा तोच. ही यंत्रणा ऑब्झर्व्हेबल नाही, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

मग त्या पडवीत विळी घेऊन बसल्या. पहिला हापूस कापला. बाहेरून केशरी, घमघमाट सुटलेला, आणि आत साका! पांढरट, आंबटसर, स्पंजासारखा गर. हापूसची ही लबाडी भल्याभल्या बागायतदारांनाही कापल्याशिवाय कळत नाही. पाहुण्याच्या ताटात साक्याचा आंबा वाढायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक. त्यांनी तो बाजूला सारून दुसरा घेतला. त्यातही साका. तिसऱ्यातही. मला हसू फुटायला लागलं. त्याने डोळे वटारले, तसं आणखीच फुटलं.

टोपलीतले संपले तशा त्या उठल्या, आतून एक बांधलेली पेटी ओढत आणली आणि सुतळी तोडली.

"आई, ती मुंबईच्या गिऱ्हाइकाची आहे," तो म्हणाला.

त्यांनी ऐकलंच नाही. आंबा कापला. पुन्हा साका.

आता मी ओढणीत तोंड खुपसून हसत होते आणि घाबरलेलीही तेवढीच होते. शेवटी राहवेना, विचारून मोकळी झाले. "काकी, मी तुम्हाला पसंत आहे का? तुमच्याकडे बघून काही कळत नाही हो."

विळीवरून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "मगापासनं आंबे कापत्ये, ते कोणासाठी गो?"

माझे डोळे भरून आले. त्यांच्यापुढे कापून टाकलेल्या आंब्यांचा ढीग पडला होता, आणि मी एवढा वेळ नुसता चेहरा बघत बसले होते.