नानांचं नाक

नानांनी ढिगापुढे बसून डोळे मिटले की बाजार समितीच्या यार्डातली बडबड आपोआप थांबायची. बाही कोपराच्या वर सारायची, हात बाजरीत खोल खुपसायचा, तळातली मूठ वर काढायची आणि नाकाशी धरायची. नाक भलतंच मोठं, पुढे पोपटासारखं वाकलेलं. हमाल म्हणायचे, वळणावर आधी नाक येतं, मग नाना. नानांनी ते कधी मनावर घेतलं नाही. त्याच नाकाच्या जोरावर बेलापूरच्या बाजूला त्यांनी भुसार मालाचा धंदा उभा केला होता.

माझी आडत आहे. शेतकरी माझ्या दुकानापुढे माल ओततो, मी लिलाव पुकारते, व्यापारी बोली लावतात. आमचे घरचे मालक वारल्यावर मी पहिल्यांदा पुकारायला उभी राहिले, तेव्हा एक व्यापारी तोंड उघडेल तर शपथ. बाईमाणसापुढे बोली लावली असती तर यांच्या मिशा गळून पडल्या असत्या! नाना गर्दीतून पुढे आले, मूठ हुंगली आणि बोली लावली. मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. नंतर मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "वैनी, मी बाजरी बघितली. पुकारतंय कोन, त्याचं बाजरीला काय?"

आणखी एक खोड होती त्यांना. मूठ हुंगून झाली की ती ढिगावर परत ठेवायची, तीही दोन्ही हातांनी, देवापुढे ठेवावी तशी. आमच्याकडे व्यापारी नमुना बघतात आणि मूठ खिशात तरी घालतात नाहीतर पायाखाली टाकतात. सगळ्यांच्या मुठी मिळून शेतकऱ्याची भाकरी जाते, हे नाना तोंडावर सुनवायचे. सगळे हसायचे आणि पुढच्या ढिगापाशी पुन्हा खिसे भरायचे. पण नानांनी ज्या ढिगाला बोली लावली त्याला मात्र कुणी वाकून बघायचंसुद्धा नाही, सरळ वरची बोली लावायचे. नानांनी हुंगलंय म्हटल्यावर माल चोखच असणार. चांगला वाळवलेला माल आणणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे दोन पैसे जास्त मिळायचे.

मग तो साथीचा ताप आला. नाना त्यातून उठले, पण त्यांना वास यायचा बंद झाला तो झालाच. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. कसं सांगतील? सुताराने हात गेले म्हणून सांगावं, तसं झालं असतं ते. यार्डात येत राहिले, मूठ नाकाशी धरत राहिले, डोळे मिटत राहिले. आम्हाला काही कळलं नाही.

कळलं ते त्या सुगीत. माझ्याच दुकानापुढे एक मोठा ढीग पडला होता. बाजरी पावसात भिजून पुन्हा वाळवलेली. दिसायला झळझळीत, हाताला कोरडी. नानांनी मूठ हुंगली, मान हलवली, बोली लावली. लगेच एका व्यापाऱ्याने त्यांच्यापेक्षा चढी बोली लावली आणि तो ढीग घेतला. हमाल गोण्या भरायला लागले, वरचा थर निघाला आणि तळातून असा कुबट वास सुटला की हमालांनी उपरणी नाकाला लावली. मी पदर लावला. घेणारा व्यापारी मागे सरला. आणि नाना त्या वासाच्या ऐन मधोमध उभे, चेहरा अगदी शांत. सगळे आपल्याकडे का बघतायत, ते त्यांना कळेना. "काय झालं वो?" त्यांनी मला विचारलं. मग त्यांनी हमालांच्या तोंडावरची उपरणी बघितली आणि त्यांना समजलं.

तो ढीग त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला आणि कोंबड्यांच्या खाद्याला दिला. पुढच्या बाजारी सगळ्यांसमोर सांगितलं, "माजं नाक गेलंय. माज्या मागं कुनी येऊ नका."

त्यानंतर यार्डाचं जे झालं ते बघवत नव्हतं. तळात काय असेल याची धास्ती सगळ्यांनाच. म्हणून प्रत्येक ढिगाला पडेल भाव. उन्हात चार दिवस राबून वाळवलेली बाजरी आणि भिजकी बाजरी, दोन्हींना एकच माप. एक शेतकरी चांगला माल पुन्हा टेम्पोत भरून घरी घेऊन गेला. नाना ते बघत उभे होते. म्हणाले, "चांगलं पिकवायचं तरी कशापायी मग?" त्या दिवसानंतर ते यार्डात आले नाहीत.

केडगावला लेकीकडे राहायला गेले आणि अंथरुणाला खिळले. नवी बाजरी आली तशी मी चांगल्यातली थोडी पिशवीत घेऊन गेले. मूठभर त्यांच्या हातात दिली. त्यांनी बाही सारायचा प्रयत्न केला, मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले.

"येतोय, वैनी," ते म्हणाले. "उन्हाचा वास येतोय."

लेकीने तोंड फिरवलं. मालाबद्दल जन्मात खोटं न बोललेला माणूस माझं मन राखायला खोटं बोलत होता. मग त्यांनी मूठ पिशवीत परत ठेवली, दोन्ही हातांनी. चार दाणे चादरीवर सांडले. ते वेचून होईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

पुढच्या बाजाराच्या आत नाना गेले.

आता पुकारायच्या आधी मीच ढिगापुढे बसते. तळातली मूठ काढते, हुंगते आणि जे असेल ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. आधी हसले, आता ऐकतात. मूठ दोन्ही हातांनी परत ठेवते. फक्त डोळे मिटत नाही. मिटले की नाना दिसतात आणि पुकारायचं राहून जातं.