बी-१५ जॅकेटवरची राहिलेली पट्टी

मंडळी, आज फार थकले आहे, पण हे सांगायचंच आहे.

नामपल्लीच्या एका कारखान्यात मी माहितीची कार्डं लिहिते. तिथे जुन्या लढाऊ वैमानिकांच्या जॅकेटांच्या प्रतिकृती शिवतात. त्यातल्या बी-१५ या फारशा माहीत नसलेल्या जॅकेटला छातीशी चामड्याची छोटी पट्टी असायची. उंचावर हवा विरळ, म्हणून वैमानिक ऑक्सिजनच्या मास्कची नळी तिला अडकवायचे.

आज चाळीस जॅकेटं शिवून आली. नमुन्याच्या जुन्या जॅकेटवर पट्टी होती, या एकावरही नव्हती.

"मैं पैबंद समझा, बेटा," आमचे टेलर मास्टर रहीमचाचा म्हणाले. त्यांना ते ठिगळ वाटलं होतं. "फटेले का निशान नये पे कायकू लगाना?"

मालक हसले. "राहू दे गं. आपलं गिऱ्हाईक काय चारमिनारवरून उडणार आहे?"

मी अडून बसले. पट्टी नसेल तर कार्डावर 'हुबेहूब' लिहिणार नाही.

मालक वैतागले. "चाचा, लगा दो फिर चालीस पट्टियाँ. माल कल जाना."

घरातली पहिली पदवीधर मी. खरं तेच लिहायचं, हा माझा हट्ट. पण चष्मा पुसून चामडं कापायला बसले ते सत्तरीचे चाचा. मी खडूने खुणा करून दिल्या, तेवढंच मला येत होतं. संध्याकाळी निघाले तेव्हा ते सव्विसाव्या जॅकेटवर होते.

"जा बेटा, बस छूटेगी," म्हणाले. रागावले नव्हते, तरी त्यांच्याकडे बघवलं नाही.

माझं चुकलं असं अजूनही वाटत नाही. पण खरेपणाचा हट्ट आपण धरायचा आणि राबायचं दुसऱ्याने, असं तुमच्याकडूनही झालंय का? मग तुम्ही काय केलंत?