ठोक्याआधीचा आवाज

आमच्या शुब्र्याच्या वस्तीत इन्शिराहअब्लाला, म्हणजे इन्शिराहताईला, कोणी ध्वनिमुद्रक वगैरे म्हणत नाही. 'कानवाली' म्हणतात. ट्राम कंडक्टरची ही मुलगी सतराव्या वर्षी कॅसेट कंपनीत लेबलं चिकटवायला लागली. चिकटवता चिकटवता ऐकत राहिली आणि एक दिवस मालकाच्या तोंडावर म्हणाली, "या गाण्यात तुमची व्हायोलिनं बुडालीत." मालक भडकला, मग त्याने ऐकून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला यंत्रापाशी बसवलं. त्याला चाळीस वर्षं झाली.

मी सनईसारखा मिजमार फुंकतो, रईस बखीत यांच्या ताफ्यात. रईस म्हणजे आमचे म्होरके; पंच्याहत्तरीचे, दक्षिणेकडच्या किन्याचे, मोठा ढोल वाजवतात. एका कातड्यावर जाड दांडी, दुसऱ्यावर बारीक छडी. आमचं पहिलं ध्वनिमुद्रण अब्लाकडेच झालं, पण निर्माता हैसम सांगून बसला होता, "गुरुवारी दुपारपर्यंत ढोल जमला नाही, तर सगळ्या फाइली दुबईला जातील." म्हणजे आयुष्यभर कानावर जगलेल्या बाईच्या हातून काम जाणार.

अडचण खरी होती. ढोलाला दोन माइक, प्रत्येक कातड्यासमोर एक. जाड दांडीच्या बाजूचा घुमारा अब्लाने साध्या इक्वलायझरने, म्हणजे आवाजातले जाड-बारीक पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाने, कापला. पण साधा इक्वलायझर कापताना आवाजाला वेळेत किंचित सरकवतोही. एका माइकचा आवाज सरकला, दुसऱ्याचा जागेवरच, आणि दोन्ही एकत्र केले तर ढोल पोकळ!

"अब्ला, लिनिअर फेजवाला इक्वलायझर लावा," हैसम म्हणाला. "तो काही सरकवत नाही. आता सगळे तोच वापरतात, तुमच्यासारखी जुनी खोडं सोडून."

तिने लावला. ढोल भरला. हैसम खूश, मीही खूश. रईसांनी मात्र अर्धं गाणं ऐकलं आणि उठले.

"मी मारायच्या आधीच कोणीतरी मारतंय."

"रईस, तुमचं वय झालं," हैसम हसला.

अब्ला हसली नाही. तिने तो ढोल पंधरा वेळा ऐकला. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुबही, रईस म्हणतात तसं मला काहीच ऐकू येत नाहीये. कान गेले की काय रे माझे?" डोळे भरले होते तिचे. मी गाढवासारखा म्हणालो, "चहा घे."

गुरुवारी सकाळी तिनेच रईसांना बोलावून घेतलं. "मला ऐकू येत नाही, तुम्ही दाखवा."

रईसांनी लाठी मागवली. आमच्या दक्षिणेकडच्या सईदी तालात मधल्या दोन जड ठोक्यांआधी जरा जागा सोडलेली असते. लाठी खेळणारा त्याच जागेत लाठी डोक्यावर नेतो. यंत्रातून ढोल सुरू झाला. रईसांची लाठी खांद्यापर्यंत आली आणि अडली. पुन्हा अडली.

"बघ पोरी," रईस वैतागून म्हणाले. "जागाच ठेवली नाहीस. नेऊ कुठे?"

अब्लाने तेवढीच जागा पडद्यावर मोठी केली. प्रत्येक ठोक्याच्या आधी एक बारीक थरथर होती.

"अगं बाई!" ती ओरडली. "या लिनिअर फेजचा घुमारा ठोक्याच्या नंतरही पडतो आणि आधीही. नंतरचा ठोक्यात लपतो. आधीचा शांततेत सांडलाय, मेला!"

तिने लिनिअर फेज काढून टाकला. दोन्ही माइक आधी एकत्र केले आणि त्या एकत्र आवाजावर एकच साधा इक्वलायझर लावला. "सरकायचं तर दोघं मिळून सरका," ती पुटपुटली. "नवराबायको एकाच गाडीत बसले की कोण पुढे, कोण मागे, हे भांडणच नाही."

ढोल वाजला. लाठी वर गेली, सरळ, छताला लागेल इतकी. रईस हसत सुटले आणि त्या एवढ्याशा खोलीत गरगर फिरायला लागले. खुर्च्या वाचवता वाचवता माझी तारांबळ उडाली.

हैसमने दोनदा ऐकलं, मग दुबईला फोन लावला. "नाही, फाइली पाठवत नाही. इथेच झालं." फोन ठेवून जरा चाचरत म्हणाला, "अब्ला, मग लिनिअर फेज वाईटच म्हणायचा?"

"वाईट कशाला? शेवटी सगळ्या गाण्याला हलका उजाळा द्यायला तोच घेणार आहे. पण काय कुठे लावायचं ते ऐकून ठरवायचं, बाबा. सगळे लावतात म्हणून नाही. माझंही तिथेच चुकलं."

एवढं बोलून ती उठली, जीभ टाळूला लावली आणि लग्नघरात बायका घालतात तसा लांबलचक आनंदाचा चीत्कार घातला. चाळीस वर्षांत तिने यंत्रांच्या खोलीत असा आवाज काढला नव्हता. खालच्या गल्लीत भाजी निवडणाऱ्या बायका माना वर करून विचारायला लागल्या, "लग्न कुणाचं गं?"

अब्लाने खिडकी सताड उघडली. "लग्न नाही गं बायांनो! काम माझंच राहिलं, माझंच!"

आणि खालून सगळ्या बायकांनी मिळून तस्साच चीत्कार वर पाठवला.